बीडचं ऊन जर्मनीपुढे कसं हरलं

या सहलीला जायचं मी ठरवलंच नव्हतं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, भर उन्हात, एसी असून नसल्यासारख्या बारा वर्षांच्या छोट्या गाडीतून संभाजीनगरच्या छावणीहून निघून पैठणमार्गे बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या पुढे जायचं, हे शहाण्या माणसाचं काम नव्हे. पण जर्मनीहून माझा मोठा भाऊ आला होता, आणि मिलिंददादा एकदा पेटला की तो विझेपर्यंत आपण फक्त शेजारी उभं राहायचं असतं.

त्याला पेटवलं होतं त्याच्या मोबाइलने. दादा जर्मनीत एका लहान गावात राहतो, यंत्रांच्या कारखान्यात नोकरी करतो. घराच्या छतावर त्याने सोलर बसवलंय. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत त्याने तेवढंच सोलर, बॅटरीसकट, आमच्या शकूमावशीच्या घरावर बसवलं. आई गेल्यावर चार वर्षं आम्ही दोघं मावशीच्याच घरी वाढलो. तिला स्वतःचं मूल नाही, काकाही आता नाहीत. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून ती गावात एकटी असते. दोन्ही छतांची वीज दादाच्या मोबाइलवर दिसते, आणि दादा रोज ती शेजारच्या क्लाउसला दाखवतो. "आमच्याकडचं ऊन बघ," म्हणून.

तर गेल्या वर्षी मार्चपासून आमच्याकडचं ऊन हरायला लागलं. पावसाळ्यात सावरलं, थंडीत तर मस्त चाललं, आणि यंदा मार्च उजाडताच पुन्हा आपटलं. ढगाळ, गारठलेल्या जर्मनीतलं छत जास्त वीज देतं आणि बेचाळीस अंशात भाजणारं बीडचं छत कमी! सोलर बसवणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, धूळ बसत असेल, रोज पुसा. मावशी रोज पुसू लागली. आकडा आणखी खाली गेला.

इथपर्यंत ही फक्त दादाची डोकेदुखी होती. पण त्याने मावशीला एक शब्द दिला होता. गावच्या विहाराला लागून एक खोली आहे, पत्र्याची. मावशी तिथे मुलींसाठी अभ्यासिका चालवते. संध्याकाळी लाइट गेली की दहा-बारा मुली मोबाइलच्या उजेडात पुस्तकं घेऊन बसतात. पोलीस भरतीवाल्या आहेत, नर्सिंगच्या परीक्षेवाल्या आहेत. "तुझ्या छताचं नीट चाललं तर पुढचं सोलर अभ्यासिकेवर," असं दादा म्हणाला होता. आता जयंतीला म्हणून तो आला आणि मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशीच मला म्हणाला, "रेखा, आपण जाऊन बघू. तिथे काही घोळ असेल तर अभ्यासिकेचं रद्द."

"आणि मुलींना कोण सांगणार?" मी विचारलं.

"आकडे सांगतील," तो म्हणाला. तिथेच माझं डोकं फिरलं होतं, पण आठवड्याभराने सुट्टी लागली आणि गाडीही माझीच, त्यामुळे निघालो.

पैठण रोडबद्दल लिहायचं तर मला शिव्या देता येत नाहीत, आणि त्याशिवाय त्या रस्त्याचं वर्णन पूर्ण होत नाही. नक्षत्रवाडी सोडली की एक बाजू खोदलेली, दुसरी बाजू खोदायची राहिलेली. बिडकीनपर्यंत काचा उघडल्या तर धूळ, मिटल्या तर भट्टी. पन्नासेक किलोमीटर आहेत, दीड तास धराच. निघायचंच असेल तर सकाळी सहाला निघा. आम्ही साडेनवाला निघालो, कारण दादाला आदल्या संध्याकाळचा नान-खलिया बाधला होता. "मसाला कमी खायची सवय झालीय," तो म्हणाला. दोन प्लेट कुणी खायला सांगितलं होतं, देव जाणे.

वाटभर त्याचं तेच. नॉर्वेत जवळपास सगळी वीज पाण्याची. आइसलँडमध्ये पाण्याची आणि जमिनीतल्या वाफेची. डेन्मार्कात निम्म्याहून जास्त वाऱ्याची. मी शाळेत भूगोल शिकवते. हे कोष्टक मी दरवर्षी फळ्यावर काढते आणि दरवर्षी एखादी मुलगी विचारते, "मॅडम, पहिला नंबर कुणाचा?" एकूण बघितलं तर चीन, माणशी बघितलं तर आइसलँड, आणि आपण कुठे ते तुम्ही कुठला रकाना धरता त्यावर. दादाला म्हटलं, आधी रकाना ठरव. तर म्हणाला, "तुम्ही लोक नेहमी पळवाट काढता." तुम्ही लोक! छावणीत गोट्या खेळलेला हा माणूस मला "तुम्ही लोक" म्हणतो.

पैठणला बसस्टँडजवळ पोहे-चहा घेतला, दोघांचे सत्तर रुपये, पोहे बरे होते. मग दादाला धरणाच्या पायथ्याचं जलविद्युत केंद्र बघायचं होतं. परवानगीचा कागद नसल्यावर आत सोडत नाहीत, हे मी त्याला घरीच सांगितलं होतं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने तेच सांगितलं. दादा तरी त्याला नॉर्वे समजावत राहिला. तिकडे धरणं विजेसाठीच बांधतात वगैरे. पहारेकरी पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"सायेब," तो म्हणाला, "हे पाणी आधी प्यायला. तुमच्या संभाजीनगरला बी हितलंच जातंय. मंग शेताला. त्यातून जाता जाता चाक फिरलं तर फिरलं. तुमच्या नार्वेत लोकं तहानलेली नसतील."

दादा गप्प झाला. ही शांतता पाचोडपर्यंत टिकली. एवढा सुखाचा प्रवास या सहलीत पुन्हा झाला नाही.

पाचोडला हायवे लागतो आणि गाडीलाही आपण गाडी असल्याचं आठवतं. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा, टोल आहेत. शहागडला गोदावरी ओलांडली, वाळूच जास्त दिसली. गेवराईच्या पुढे एका ढाब्यावर ज्वारीची भाकरी, येसर आमटी, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. दीडशेत पोट भरलं. इथे दादाने मसाल्याची तक्रार केली नाही, आमटी दोनदा मागून घेतली. बीड बायपासने टाळा, मांजरसुंब्याचा घाट चढा. वर माळावर पवनचक्क्या दिसायला लागतात.

त्या दिवशी एक सोडून सगळ्या उभ्या होत्या. दादाने गाडी थांबवायला लावली, उतरून मोजल्या, कंबरेवर हात ठेवून निःश्वास सोडला. "डेन्मार्कात हे दृश्य दिसणार नाही."

टपरीवाला आमचा चहा गाळत होता. त्याने वर न बघताच विचारलं, "पंखे बंद हायेत म्हणून म्हणताव का? जो येतो त्यो हेच इचारतो. आवो, गिरणीत दाणे टाकल्याबिगर पीठ पडतं व्हय? आखाडात या. उभं ऱ्हाता येणार नाय, आसं वारं ऱ्हातं."

मी हसले. दादा नाही हसला. त्याने पंधरा रुपयांचा चहा अर्धा टाकला आणि "सगळीकडे कारणंच कारणं," म्हणत गाडीत बसला. तेव्हा मात्र मला खरंच राग आला. आषाढात वारा येतो हे कारण नाही, तो ऋतू आहे. वर्गात एखाद्या मुलीने असं उत्तर दिलं असतं तर मी तिला उभं केलं असतं. पण हा माझा मोठा भाऊ, आणि बाहेर ऊन इतकं की भांडायलाही तोंड उघडवेना.

चारच्या सुमारास गावात पोचलो. मावशी दारातच होती. जय भीम झाला, पाया पडून झालं. तिने दादाच्या गालावरून हात फिरवला. "वाळलास की रं मिल्या. तिकडं खायला देत नायत व्हय?" पाणी पिऊन दादाने पायात बूट तसेच ठेवून थेट गच्ची गाठली.

त्या गल्लीत स्लॅबचं घर हे एवढं एकच. बाकी सगळे पत्रे. गच्चीवर सोलरच्या प्लेटा कंबरेएवढ्या उंचीवर तिरप्या मांडलेल्या, आणि इतक्या लख्ख की त्यात बघून टिकली लावावी. दादाने वायरी तपासल्या, बॅटरी बघितली, बसवणाऱ्याला फोन लावून अर्धा तास वाद घातला. सगळं ठणठणीत. सूर्य होता, प्लेटा होत्या, धूळ नव्हती. संध्याकाळी मावशी अभ्यासिका उघडायला गेली, लाइट गेलेली होती, ती रात्री मोबाइलचा टॉर्च लावूनच परत आली. "कधी बसवतोस रं?" तिने विचारलं. दादा म्हणाला, "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा खाली ओट्यावर मोबाइल घेऊन बसला. विजेची रेघ सातपासून छान वर चढत होती. साडेआठ, नऊ. दादाचा चेहरा उजळत गेला. "बघ, बघ," तो मला म्हणाला. आणि साडेनवाला रेघ धाडकन खाली आली.

"ढग!" म्हणत तो अंगणात धावला. आकाशात ढगाचं नाव नव्हतं. मग तो परसातल्या जिन्याकडे पळाला, मागून मी.

गच्चीवर सात-आठ बाया होत्या. मधोमध गव्हाच्या चिकाचं वाफाळतं पातेलं. प्लेटांवर पांढरी धोतरं पसरून कोपऱ्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले, आणि त्यांवर ओळीने कुरडया. एका टोकाला उडदाचे पापड. मावशी सोऱ्या दाबत होती, अगदी मन लावून.

दादाचा आवाज फुटला तो जर्मनमध्ये. मग मराठीत आला. "मावशी, हे काय चाललंय?"

"कुरडया," मावशी म्हणाली. तिला वाटलं, इतक्या वर्षांत पोरगा विसरला बहुतेक.

मग सगळं बाहेर आलं. गल्लीतल्या सगळ्यांचं वाळवण वर्षानुवर्षं याच गच्चीवर व्हायचं. सोलर आलं आणि गच्ची गेली. पहिल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला बायांनी पत्र्यावर घालून बघितलं, कुत्र्यांनी अन् शेळ्यांनी निम्मं खाल्लं, उरलेल्यात माती. बाया मावशीवर रुसल्या. त्यातच धुळीने आकडा घसरला आणि जर्मनीहून निरोप आला की प्लेटा रोज पुसत जा. म्हणजे गावातली सगळ्यात स्वच्छ, उंच, उन्हाकडे तोंड केलेली जागा दादाने स्वतःच तयार करून घेतली होती. सकाळी पुसायच्या, नवाला वाळवण घालायचं, तीनला उचलायचं. दादाच्या आकड्यांनी त्याच वेळी मान टाकायची. काल आम्ही चारला पोचलो, तोवर सगळं उचललेलं होतं, एवढंच.

"अगं, पण झाकल्यावर वीज कशी होणार?"

"झाकलं कुठं? पातळ धोतर हाय. माणसाला सावलीत घाम येत नाय का? ऊन जातंयच की खाली." मावशीने सोऱ्या बाजूला ठेवला. "अन् एवढी वीज करायची काय मला? एक फ्रिज, दोन दिवे. म्या एकटी."

"क्लाउसच्या छतावर कुणी असं फडकं टाकत नाही!" दादा ओरडला.

"क्लाउसला कुरडया येत्यात?"

"त्याचा काय संबंध?"

"गेल्या साली दोन किलो धाडल्या तुला. त्यानं खाल्ल्या का नाय?"

"खाल्ल्या."

"मंग त्याच्या घरला बी आपलीच वीज गेली की."

बाया खो खो हसल्या. मीही हसले, आणि चूक केली. दादा लाल झाला. उतरता उतरता त्याने तोडून टाकलं. "हसा. जे दिलं ते सांभाळता येत नाही, आणि अजून पाहिजे. अभ्यासिकेवर काही बसणार नाही. विषय संपला."

पलीकडच्या मंदाकाकूंची प्रतीक्षा अभ्यासिकेत येते, पोलीस भरतीची तयारी करते. काकूंच्या हातात चिकाचा गोळा तसाच राहिला. "पोरींनी काय केलं रं बाबा त्यात?" त्या म्हणाल्या. मी दादाला तिथल्या तिथे ऐकवायला हवं होतं. पण मी त्याच्यामागून जिना उतरले.

दुपारी जेवायला बसलो. मावशीने दादाच्या ताटात पहिली भाकरी वाढली आणि समोर बसली.

"मिल्या, माझ्यावरलं काढ. समदं, बॅटरीसकट. अन् पोरींच्या खोलीवर ने. तिथं पत्रा तिरपा हाय, तिथं कुणी वाळवण घालायचं नाय. माझी गच्ची मला दे."

मला वाटलं, सुटलो. नवीन खर्च नाही, मुलींना उजेड, बायांना गच्ची. यात नाही म्हणण्यासारखं काय आहे? पण दादा भाकरी तशीच ठेवून म्हणाला, "नाही. तुझ्यावरचं नाही काढायचं."

"का?"

"नाही म्हणजे नाही."

आता माझा बांध फुटला. दोनशे किलोमीटरची रपेट, धूळ, नॉर्वे, डेन्मार्क, सगळं एकदम बाहेर आलं. म्हटलं, तुला मुली दिसत नाहीत, मावशी दिसत नाही, तुला फक्त क्लाउसला हरवायचंय. एक छत कमी झालं तर तुझी शर्यत बुडेल, म्हणून तू अडून बसलायस.

त्याने मोबाइल ताटाशेजारी ठेवला. "ही खालची रेघ बघ," तो म्हणाला. मला आजवर ठाऊकच नव्हतं की दोन रेघा असतात. वरची तयार होणारी वीज, खालची घरात वापरली जाणारी. "सकाळी पाचला इथे छोटा उंचवटा येतो. मावशी मोटर लावते. सातला मिक्सर. संध्याकाळी सहाला अभ्यासिकेत जाण्याआधी ओट्यावरचा दिवा. ती फोन उचलत नाही, रेखा. आठ-आठ दिवस उचलत नाही. मी कामावर जाताना बसमध्ये ही रेघ बघतो. उंचवटा आला की कळतं, उठली. हे काढलं तर मला कसं कळणार?"

मी दोनशे किलोमीटरवर राहते आणि पंधरा दिवसांतून एकदा फोन करते. मला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्याचा रागही आला. एवढं साधं बोलायला या माणसाला सगळ्या युरोपातून फिरून यावं लागतं!

मावशी मोबाइल हातात घेऊन ती रेघ बराच वेळ बघत राहिली. तिला त्यातलं काय कळलं माहीत नाही. "हे माझं हाय व्हय?" तिने विचारलं. मग म्हणाली, "येड्या, तू दुपारच्याला फोन करतोस. तवा म्या गच्चीवर नायतर पोरींच्यात. फोन घरात चार्जिंगला. उचलणार कोण?" तिने मोबाइल त्याला परत दिला आणि त्याच्या आमटीत भाकरी कुस्करून दिली, तो अजून चौथीत असल्यासारखी. "माझं काढ. म्या करीन तुला फोन. रोज करीन. पण पोरींना उजेड दे."

दादा मान खाली घालून जेवला. जेवण झाल्यावर त्याने बसवणाऱ्याला फोन लावला आणि पत्र्यावर प्लेटा बसवायला कोणता सांगाडा लागतो ते विचारलं.

परतीचा प्रवास सहाला सुरू केला, सकाळी. साडेदहाच्या आत घरी. तुम्हीही असंच करा. माळावरच्या पवनचक्क्या अजून उभ्याच होत्या. दादाने या वेळी गाडी थांबवायला लावली नाही. तो चार दिवसांनी गेला आणि पुढचे खेटे माझ्या गळ्यात पडले. मीटर मावशीच्या नावावर, खोली विहाराच्या ट्रस्टच्या नावावर. एक अर्ज इकडे, एक ना-हरकत तिकडे, बसवणारा लग्नाला गेलेला. सुट्टीतले माझे तीन शनिवार पाटोद्याच्या रस्त्यावर गेले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अभ्यासिकेवर प्लेटा चढल्या. त्या संध्याकाळी लाइट गेली, आणि प्रतीक्षाने मला खोलीचा फोटो पाठवला. फोटोत सगळ्यांची डोकी पुस्तकात होती, एकीनेही वर बघितलं नव्हतं.

शाळा सुरू झाली, तेच कोष्टक पुन्हा फळ्यावर काढलं, तोच प्रश्न आला. पहिला नंबर कुणाचा? या वेळी मी मुलींनाच विचारलं, मोजायचं काय ते आधी सांगा. पंधरा मिनिटं नुसता गोंधळ. धडा राहिला. मुख्याध्यापिका दारातून डोकावून गेल्या.

गेल्या रविवारी दादाचा फोन आला. जर्मनीतली रेल्वे उशिरा धावते, पाऊस थांबत नाही, क्लाउस कुरडया मागतोय, अशा सगळ्या तक्रारी करून झाल्या. त्याचा आवाज झोपाळलेला वाटला. विचारलं, बरं वाटत नाहीये का?

"मावशीचा फोन येतो ना रोज," तो म्हणाला. "सकाळी साडेसातला, गच्चीवर चढली की."

मी हिशेब केला. तेव्हा तिकडे पहाटेचे चार वाजलेले असतात.

"अरे, मग तिला सांग की!"

"काय सांगू?" दादा म्हणाला. "उचलतो मी."